उभ्या घोड्यावर सुरी लावण्याआधी

तू पहिल्यांदाच उभ्या घोड्याचं खच्चीकरण करणार आहेस, म्हणून लिहितोय. पूर्ण भूल दिलेल्या घोड्यांपैकी शंभरात सुमारे एक दगावतो. आडवं पडल्यावर त्याच्याच वजनाने स्नायू आणि फुप्फुसं दाबली जातात, आणि शुद्धीवर येताना धडपडून पाय मोडतो. सोलापुरात वरातीच्या घोडीवाल्याचं पोट त्या चार पायांवरच असतं. त्यामुळे जमेल तिथे उभ्यानेच कर.

दोन्ही अंड पोटातून पिशवीत उतरलेत का, हे आधी हाताने चाचप. एकच लागलं तर थांब, ते उभ्याने उरकायचं काम नाही. अकलूजच्या बाजारातून आणलेल्या तरण्या शिंगरात हे हमखास तपास.

झायलाझिन, म्हणजे गुंगीचं औषध, मानेच्या शिरेतच गेलं पाहिजे. चुकून धमनीत गेलं तर घोडा जागेवर कोसळतो. दिल्यावर पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. डोकं गुडघ्यापर्यंत उतरतं, खालचा ओठ लोंबतो, कान आडवे पडतात. मी एकदा एवढ्यावरच विसंबलो आणि मांडीवर लाथ खाल्ली. गुंगीतला घोडा लाथ मारतो, आणि नेमकी मारतो. सोबत ब्युटॉर्फॅनॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक दे. लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, अंडात आणि ते ज्याला लटकतं त्या वरच्या दोरीत भरपूर सोड, मग दहा मिनिटं थांब. खरी वेदना तेच थांबवतं, गुंगी नव्हे. उभा राहा खांद्याजवळ, अंगाला चिकटून. धरणारा तुझ्याच बाजूला हवा.

उन्हाळ्यात पहाटेच उरक. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नकोस. आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत मालकाला वैरण टाकू देऊ नकोस, घास घशात अडकतो.