माशांच्या टाकीत निळसर-हिरवं चिकट शेवाळ पुन्हापुन्हा येतंय, कोणतं औषध टाकू?

तुम्ही लिहिलंय की दर रविवारी ते काढता, गुरुवारपर्यंत पुन्हा तेवढंच पसरतं, शेवाळ खाणारा मासा म्हणून प्लेको आणला तर त्याने तोंडही लावलं नाही. आता कोणतं औषध, किती टाकू, आणि श्रिंप (टाकीतल्या छोट्या कोळंब्या) मरतील का? मी इथे एरवी नुसती वाचते. 'औषध' शब्द दिसला आणि राहवलं नाही.

आधी त्या प्लेकोला दोष देणं थांबवा. ते शेवाळ नाहीच. नावात शेवाळ आहे तेवढंच, तो जिवाणू आहे, सायनोबॅक्टेरिया. माझ्या टाकीतल्या तीन ओटोंनी, म्हणजे शेवाळ खाणाऱ्या छोट्या माशांनी, त्या हिरव्या गालिच्याला वळसा घालून आजूबाजूची काच चाटूनपुसून साफ केली होती. खात्री करायची तर नख लावून बघा. रंगाचा पोपडा भिंतीवरून सुटावा तसं ते अख्खं सुटतं, खाली अडकलेले बुडबुडे वर येतात आणि बोटाला असा वास राहतो की दोनदा साबण लावूनही जात नाही. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो तो ज्या जिओस्मिनचा, ते हे जिवाणूही बनवतात. पावसात छान वाटतो. टाकीचं झाकण उघडल्यावर नाही.

आता माझं सांगते. शंभर लिटरची, झाडांची टाकी. मुळात ती दादाची. त्याने मोठी घेतली तेव्हा ही मला दिली आणि सोबत सल्ल्यांचा आजन्म पुरवठा. दादाचं तत्त्व एकच, टाकीत जे नको ते मारायचं. माझा अभिमान वेगळा होता: नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं नायट्रोजनचं खत, शून्य. दर शनिवारी नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, रंग पिवळाधमक म्हणजे शून्य, की लगेच फोटो काढून दादाला. त्याच्या टाकीत ते कधी चाळिसाच्या खाली उतरलं नव्हतं, त्यामुळे तो फोटो पाठवण्यात जरा जास्तच मजा होती.

मग डाव्या कोपऱ्यात, लाकडाच्या ओंडक्यामागे वाळूवर नखाएवढा डाग दिसला. आठवड्याभरात तळहाताएवढा झाला. मी काढला, चार दिवसांत परत. दादा आला, वाकून बघितलं आणि खिशातून एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या काढल्या. जणू तयारीनेच आला होता. "पाच दिवसांत साफ," म्हणाला.

झालंही साफ, खोटं कशाला बोलू. चौथ्या दिवशी गालिचा करडा पडला, पाचव्या दिवशी त्याचे तुकडे तरंगायला लागले. दादाने टाकीशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. सहाव्या दिवशी सकाळी कोरी, एरवी तळाशी राहणारे मासे, सारख्या वर येऊन हवा घेत होत्या. अमोनिया तपासला, वर्षभर जो दिसला नव्हता तो. तो सगळा मेलेला चिखल टाकीतच सडत होता, आणि गोळीचा तडाखा फिल्टरमधल्या जिवाणूंनाही बसला असणार, कारण तीन दिवस रोज पाणी बदललं तेव्हा कुठे अमोनिया उतरला. दोन टेट्रा मासे गेले. दादाच्या मते ते म्हातारे झाले होते.

सहा आठवड्यांनी डाग परत आला. तोच कोपरा, तोच ओंडका.

तेव्हा मात्र मी कुणालाही न विचारता खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. माशांचं खाणं टाकलं आणि एकाच कणावर नजर ठेवली. तो समोरच्या काचेजवळून छान वाहत गेला, ओंडक्याला वळसा घातला आणि थांबला. मागे-पुढे काही नाही. हळूहळू खाली उतरला आणि बरोब्बर त्या डागावर जाऊन बसला. मधलं वॅलिसनेरियाचं झाड डुलत होतं आणि कोपऱ्यातल्या अनुबियसच्या झाडाच्या पानांवर धुळीचा थर होता! पाण्याखाली धूळ म्हणजे काय ते समजून घ्या. फिल्टरचा प्रवाह ओंडक्यावर आपटून दुसरीकडेच जात होता. ओंडका तिथे ठेवला होता दादाने, "बघणाऱ्याची नजर तिथे थांबली पाहिजे" म्हणून. नजर थांबली, पाणीही थांबलं.

दुसरा गुन्हेगार माझा लाडका शून्य. झाडांच्या टाकीत नायट्रेट शून्य म्हणजे झाडं उपाशी. उपाशी झाडं वाढत नाहीत, आणि माशांच्या खाण्यातून फॉस्फेट तर येतच राहतं. सायनोबॅक्टेरियातल्या काही जाती पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजन वायूतूनही आपली सोय करतात, झाडांना ते येत नाही. म्हणजे मी दर शनिवारी स्वतःच्या चुकीचाच फोटो पाठवत होते. दादा म्हणाला, नायट्रेट तपासायचं किट खोटं बोलतंय, त्यातली दुसरी बाटली तू नीट हलवली नसशील. मुद्दा बरोबर आहे, त्या बाटलीतलं द्रावण तळाशी बसतं आणि आकडा कमी येतो. हात दुखेपर्यंत हलवली. पिवळाच.

मग ओंडका चार बोटं सरकवला, फिल्टरचा स्प्रे बार (पाणी परत सोडणारी भोकांची नळी) कोपऱ्याकडे वळवला. गालिचा हवेच्या बारीक नळीने ओढून काढला. घासायचा नाही, घासलं की तुकडे टाकीभर होतात. वाळूतला गाळ ओढला, निम्मं पाणी बदललं, टाकी जाड चादरीने सगळ्या बाजूंनी झाकली आणि चार दिवस उघडली नाही. दिवे बंद, खाणं बंद, हवेचा पंप चोवीस तास चालू. पाचव्या दिवशी मेलेलं ओढून काढलं, पुन्हा निम्मं पाणी. त्यानंतर पोटॅशियम नायट्रेट. शंभर लिटरला एक ग्रॅम टाकलं की नायट्रेट साधारण 6 मिलीग्रॅम प्रतिलिटरने वाढतं. मी दहाच्या आसपास ठेवते. दिवा दहा तासांवरून सातवर आणला. दोन वर्षं झाली, परत आलेलं नाही.

दादा अजून म्हणतो की त्याच्या गोळीने आधीच कंबर मोडली होती म्हणून माझी चादर चालली. अरे दादा, मग सहा आठवड्यांनी आलं ते काय होतं? या जिवाणूंच्या पूर्वजांनी 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरायला सुरुवात केली. ते तुझ्या खिशातल्या गोळीला कायमचे घाबरतील होय?

हां, एक कबूल करायला हवं. मी सगळं एकाच आठवड्यात केलं, त्यामुळे नेमकं कशाने गेलं हे छातीठोक सांगता येत नाही. दादा हेच धरून बसतो. माझं मत प्रवाहाला.

तुमच्या टाकीचं म्हणाल तर, ती खिडकीजवळ आहे असं तुम्हीच लिहिलंय. वाळूची कड जिथे काचेला लागते तिथे बाहेरून बघा, हिरवी पट्टी दिसेल. ऊन तिथूनच आत जातं. बाहेरून काळी टेप लावा, ती वाळूच्या उंचीएवढी पुरते. औषधाची मात्रा विचारलीत, ती मी देणार नाही. प्रतिजैविकाचं पाणी शेवटी नाल्यातच जातं, आणि त्याला सरावलेले जिवाणू आपल्याच वाट्याला येतात. अगदीच हाताबाहेर गेलं असेल आणि माशांच्या डॉक्टरांनी दिलं तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही आधी हाताने शक्य तितकं काढून घ्या, म्हणजे सडायला कमी उरेल.

काहीतरी टाकल्याशिवाय चैन पडत नसेल तर 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. फिल्टर दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवा, सिरिंजने थेट डागावर सोडा, दिवसाला दर 10 लिटरला 2 मिलीच्या वर जाऊ नका. मॉस आणि वॅलिसनेरियाला ते सोसत नाही.

श्रिंपचं राहिलंच. अंधाराने त्यांना काही होत नाही. पेरॉक्साइड त्यांच्या अंगावर सोडलंत तर होईल. आणि शेवाळनाशक म्हणून मिळणाऱ्या बाटलीवर तांबं लिहिलेलं असेल तर ती टाकीजवळसुद्धा नेऊ नका, श्रिंप आणि गोगलगायी दोन्ही जातील. हे सगळं गोड्या पाण्याचं, समुद्री टाकीत येणारं याचंच लाल रूप मी कधी हाताळलेलं नाही. झाडांसाठी टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर चादर घालताना तोही बंद करा, नाहीतर अंधारात मासे गुदमरतील. आणि नळी तोंडाने ओढून चालू करायची सवय असेल तर या पाण्यासाठी सोडा. यातल्या काही जाती विष बनवतात आणि तुमच्या कोपऱ्यात कोणती आहे ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.