वाचक विचारतात : जुनी लिंक, नवा पत्ता

प्रश्न : आमच्या वाचनालयाची वेबसाईट आधी पीएचपीत हाताने बनवलेली होती, आता वर्डप्रेसवर नेलीय. जुना पत्ता 'लेख.पीएचपी?आयडी=२७' असा असायचा. तोच एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाईलमधे रिराइटरूलमधे (पत्ता वळवणाऱ्या नियमात) टाकला आणि पुढे नवा पत्ता दिला, तरी ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', हेच येतं. असे तीनेकशे लेख आहेत, काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अपाचेचा (म्हणजे तुमच्या वेबसर्व्हरचा) रिराइटरूल प्रश्नचिन्हाच्या पुढचं काही बघतच नाही हो. त्याच्या हातात फक्त 'लेख.पीएचपी' एवढंच येतं, आयडीचा भाग म्हणजे क्वेरी स्ट्रिंग, ती वेगळी तपासावी लागते. त्यात तुम्ही जे प्रश्नचिन्ह टाकलंय त्याचा रेगेक्समधे (नियमातला पत्ता ज्या नमुन्यांच्या भाषेत लिहितात तिच्यात) अर्थच निराळा, 'आधीचं अक्षर असलं तर असो नसलं तर नसो', त्यामुळे तुमचा नियम भलत्याच पत्त्याची वाट बघत बसलाय जो कधी कोणी मागणारच नाही. (इथे सगळं देवनागरीत लिहितोय, फाईलमधे अर्थात इंग्रजीतच टाका.)

तर आधी रिराइटकंड, म्हणजे नियमाची अट, लिहा, त्यात क्वेरी स्ट्रिंग 'आयडी=२७' आहे का ते बघा, सुरुवातीला कॅरेट (^) आणि शेवटी डॉलर ($) विसरू नका, नाहीतर २७० पासून २७९ पर्यंतचे सगळे लेखसुद्धा त्याच पानावर जाऊन आदळतील. त्याखाली रिराइटरूल, आणि एचटीॲक्सेसमधे लिहिताय म्हणून पत्त्याच्या सुरुवातीचा स्लॅश द्यायचा नाही, तो तिथे आधीच काढलेला असतो. फ्लॅगमधे, म्हणजे ओळीच्या शेवटच्या चौकटी कंसात, आर=३०१ (कायमचं वळवणं), एल (पुढचे नियम बघू नको) आणि क्यूएसडी. नुसता आर दिला तर ३०२ म्हणजे तात्पुरतं वळवणं होतं, आणि क्यूएसडी नाही दिला तर नव्या पत्त्याला जुनं 'आयडी=२७' शेपूट चिकटूनच राहतं. हे सगळं 'बिगिन वर्डप्रेस' या ओळीच्या वर टाका, खालचा भाग वर्डप्रेस स्वतः परत परत लिहितं, तिथे टाकलेलं कधी उडेल सांगता येत नाही.

पण तीनशे लेखांसाठी तीनशे जोड्या लिहू नका बुवा. अशा कामासाठी रिराइटमॅप, म्हणजे जुन्या-नव्या पत्त्यांची यादी, असतो, पण तो सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमधेच चालतो, एचटीॲक्सेसमधे नाही, आणि शेअर्ड होस्टिंगवर त्या मुख्य फाईलला कोण हात लावू देतंय. माझं मत विचाराल तर जुन्याच नावाची एक छोटी पीएचपी फाईल ठेवा, आत आयडी आणि नवा पत्ता अशी यादी, आयडी सापडला की ३०१ द्यायचा, नाही सापडला तर सरळ ४०४. फाईल खरोखर जागेवर असली की वर्डप्रेसचे नियम तिच्या वाटेला जात नाहीत. आणि न सापडलेलं सगळं होमपेजवर ढकलायचा मोह होतो, तो टाळा, गूगल त्याला सॉफ्ट ४०४, म्हणजे नसलेलंच पान, धरतं आणि वाचकाला तर आपण कुठे आलो तेच कळत नाही.

प्रश्न : एसएसएल (सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट) घेतलं, सगळं एचटीटीपीएसवर वळवायचा नियम टाकला, आता ब्राउझर म्हणतो खूप वेळा रिडायरेक्ट झालं. साईटच उघडत नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या सर्व्हरच्या पुढे सीडीएन किंवा प्रॉक्सी (वाचक आणि सर्व्हर यांच्यामधला मध्यस्थ) आहे का बघा, बहुतेक असणारच. ब्राउझर ते प्रॉक्सी एचटीटीपीएस, पण प्रॉक्सी ते तुमचा सर्व्हर साधं एचटीटीपी, मग सर्व्हरला प्रत्येक वेळी वाटतं हा माणूस साध्या दारानेच आलाय, आणि तो परत वळवतो. प्रॉक्सीच्या सेटिंगमधे पुढचा टप्पाही एचटीटीपीएस करा, हे सगळ्यात बरं. ते जमत नसेल तर नियमात एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर (वाचक मुळात कुठल्या दाराने आला ते प्रॉक्सी त्यात सांगतो) बघून ठरवा. आणि तपासताना ३०२ वापरा, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, तुम्ही नियम दुरुस्त केला तरी तो जुन्याच वाटेने जातो आणि आपण उगाच डोकं आपटत बसतो. त्यापेक्षा कर्ल-आय कमांडने लोकेशन हेडर (सर्व्हर कुठे वळवतोय तो पत्ता) काय येतो ते बघावं, तिथे कॅशचा, म्हणजे जुनं लक्षात ठेवण्याचा, प्रश्नच नाही.

प्रश्न : माझ्या रेसिपीच्या साईटवर पत्ते मराठीत आहेत, ते बदलून इंग्रजी अक्षरांत केले. 'खाऱ्या-शंकरपाळ्या' चा नियम मात्र काही केल्या लागत नाही, बाकीचे लागतात.
– एक वाचक, मुक्काम दुबई

उत्तर : आधी हे बघा की नियमाची गरज आहे का. वर्डप्रेसमधे पोस्टचा स्लग (पत्त्यातलं तिचं नाव) बदलला की जुना ते स्वतः लक्षात ठेवतं आणि वळवतं, पेजेसना मात्र ही सोय नाही.

आता खाऱ्याचं. ॲड्रेस कॉपी केला की टक्क्यांच्या चिन्हांची (%) रांग दिसते, कारण देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मधे (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) तीन बाईटचं, म्हणजे पत्त्यात नऊ अक्षरं, काना-मात्रा-हलंत सगळे वेगळे मोजायचे. तुमचे हे दोन शब्दच १४५ होतात, वर्डप्रेसची मर्यादा २००, त्यामुळे लांबलचक मराठी स्लग मधेच तुटलेले दिसतात. पण रिराइटरूल ही टक्क्यांची रांग बघत नाही, त्याला उलगडलेलं मराठीच मिळतं, म्हणून नियमात सरळ देवनागरी लिहायची, फाईल यूटीएफ-८ मधे सेव्ह करायची.

तुमची गोम त्या ऱ मधे असावी. कुठल्या कीबोर्डवर तो एकच चिन्ह म्हणून येतो, कुठे र, हलंत आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह अशी बांधणी होते. डोळ्याला दोन्ही 'खाऱ्या'च, पण सर्व्हर बाईट जुळवतो, त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. तेव्हा हाताने टाईप करू नका, जुना स्लग डेटाबेसमधून किंवा लॉगमधून घ्या, टक्के उलगडा आणि तसाच्या तसा चिकटवा. आणि कधी उलटं म्हणजे मराठी पत्त्याकडे वळवायचं झालं तर तिथेही टक्केवालं रूप लिहू नका, टक्क्यापुढे आकडा आला की अपाचे त्याला वरच्या रिराइटकंडमधला तुकडा समजतो, आणि उरलेल्या टक्क्यांचे %२५ (टक्क्याच्या चिन्हाचंच टक्केवालं रूप) होऊन बसतात.