पहिले सामाईक घर: आत जातानाच बाहेर पडण्याचे ठरवा

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. पुढच्या महिन्यात तीन मित्रांसह प्रथमच भाड्याच्या घरात राहायला जाताना सामान काय न्यावे, आणि खोल्या लहानमोठ्या असताना भाडे कसे वाटावे. सामानाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पहिल्या रात्रीसाठी अंथरूण, स्वयंपाकाची चार भांडी, झाडू आणि दोन-तीन बल्ब एवढे पुरते. बाकीचे महिनाभर राहून, काय अडते ते पाहून घ्यावे. आमच्या पहिल्या घरात चौघांनी चार इस्त्र्या आणल्या होत्या आणि बादली मात्र एकही नव्हती.

भाड्याच्या वाटणीत चौरस फूट मोजण्याच्या भानगडीत पडू नका. मोठी खोली रस्त्याच्या गोंगाटाची असू शकते, लहान खोलीला उजेड चांगला असू शकतो, आणि याची किंमत प्रत्येकाच्या लेखी निराळी असते. त्याऐवजी प्रत्येकाने, दुसऱ्याचा आकडा न पाहता, प्रत्येक खोली आपल्याला केवढ्याची वाटते हे कागदावर लिहावे. अट एवढीच की सर्व खोल्यांची बेरीज पूर्ण भाड्याइतकी व्हावी. समजा दोनच खोल्या आहेत आणि भाडे १०० भाग आहे. एकाने मोठीला ६० आणि लहानीला ४० लिहिले, दुसऱ्याने ५२ आणि ४८. मोठी पहिल्याला आणि लहान दुसऱ्याला दिली, तर दोघांच्या आकड्यांची बेरीज १०८ होते. वरचे ८ भाग निम्मे-निम्मे वजा केले की पहिल्याने ५६ आणि दुसऱ्याने ४४ भरायचे. दोघांनाही आपापली खोली स्वतः लावलेल्या किमतीपेक्षा चार भागांनी स्वस्त पडते, आणि त्या भाड्यात दुसऱ्याची खोली नकोशी वाटते. चार जणांसाठी हिशेब थोडा वाढतो, पण तत्त्व तेच राहते. कोणालाही दुसऱ्याचा हेवा वाटू नये अशी भाड्याची वाटणी, काही साध्या अटी पाळल्या तर, नेहमीच अस्तित्वात असते हे फ्रान्सिस सू या गणितज्ञाने १९९९ साली सिद्ध करून दाखवले आहे. तेव्हा 'असे काही जमणारच नाही' असे म्हणणाऱ्या मित्राला तुमच्याकडे उत्तर आहे.

मात्र तुम्ही जे विचारलेले नाही, तेच मला अधिक महत्त्वाचे वाटते. चौघांपैकी एक जण मध्येच निघाला तर काय? नोकरी बदलते, घरचे बोलावतात, कोणाचे लग्न ठरते. वर्षभर चौघेही टिकतील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. तुमचा करार एकाच मित्राच्या नावावर होणार आहे असे तुम्ही लिहिले आहे. तसे झाल्यास मालकाच्या लेखी जबाबदार तो एकटा राहील, आणि उरलेल्या तिघांचा त्या घरावरील हक्क पुष्कळदा केवळ त्याच्या शब्दावर टिकून असेल. चौघांची नावे घातली, तरी अनेक करारांत जबाबदारी संयुक्त तसेच वैयक्तिक धरलेली असते, म्हणजे एकाने भाडे थकवले तर मालक ते पूर्ण भाडे उरलेल्यांपैकी कोणाही एकाकडे मागू शकतो. सही करण्यापूर्वी हे कलम शोधून वाचा.

आमच्याकडे सातव्या महिन्यात एक जण गेला. अनामत रकमेतील त्याचा वाटा नव्याने आलेल्या मुलाने त्याला परत दिला आणि सर्वांनी मोठ्या मनाने निरोप घेतला. घर सोडताना मालकाने स्वयंपाकघरातील फुटलेल्या ओट्याचे पैसे कापले. तो ओटा फुटला होता चौथ्या महिन्यात, आणि भुर्दंड बसला तो त्या वेळी तिथे नसलेल्या मुलालाही. चूक कोणाची म्हणावी, हे आजही मला सांगता येणार नाही, पण एक ओळ लिहून ठेवली असती तर तो प्रसंग टळला असता: कोणीही निघेल त्या दिवशी सर्वांनी मिळून घर पाहावे, तोपर्यंतच्या नुकसानाची रक्कम त्याच्या वाट्यातून वजा करावी आणि मगच नव्या माणसाकडून पैसे घ्यावेत. त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी लिहा: निघणाऱ्याने किती दिवस आधी सांगायचे, बदली माणूस कोणी शोधायचा, आणि त्याला नकार देण्याचा अधिकार उरलेल्यांना आहे की नाही. हा कागद कोर्टात किती टिकेल याची चिंता करू नका. आठवणीवरून होणारे वाद मिटवायला तो पुरेसा असतो.

याच कारणासाठी वर्गणी काढून फ्रिज घेऊ नका. फ्रिज एकाचा, वॉशिंग मशीन दुसऱ्याचे, टेबल तिसऱ्याचे असे ठेवावे, म्हणजे निघताना ज्याची वस्तू त्याने न्यावी आणि चतुर्थांश फ्रिजचा हिशेब करण्याची वेळ येऊ नये. (फ्रिज कोणाचाही असो, आतील तापमान ५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका, चार जणांचे उरलेले अन्न त्यात विसरले जाणार आहे.)

कामांच्या वाटणीबद्दल एकच गोष्ट सांगतो. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवराबायकोंना घरकामातील आपापला वाटा विचारला होता, आणि दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुधा शंभर टक्क्यांच्या वर गेली. खोटे कोणीच बोलत नव्हते. स्वतः घासलेली भांडी आपल्याला आठवतात, दुसऱ्याने घासलेली दिसतही नाहीत. म्हणून 'मीच सगळे करतो' ही भावना चौघांच्याही मनात येईल असे धरून चाला, आणि पाळीचा तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर लावा.

किल्ली मिळाल्यावर सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचे फोटो घ्या: भिंतींवरील ओल, नळ, खिडक्यांच्या काचा आणि मीटरचा आकडा. ते त्याच दिवशी मालकाला पाठवा, म्हणजे तारखेची नोंद आपोआप राहील, आणि प्रत बदली येणाऱ्या माणसालाही द्या.