एरोजेल लावायचंय? आधी खिडकी की रूफलाइट (छतातून उजेड देणारी खिडकी) ते ठरव

सिलिका एरोजेल म्हणजे बारीक छिद्रांनी भरलेला, एकदम हलका, उष्णता अडवणारा घन पदार्थ, त्याचा निळसर तुकडा फोटोत बघून सगळेच हुरळतात, मीपण हुरळलो होतो, पण खिडकीतून बाहेरचं स्वच्छ दिसायला हवं असेल तर आत्ताच थांब. बाजारात खिडकी-रूफलाइटसाठी मुख्यतः मिळतात ते एरोजेलचे दाणे, पॉलीकार्बोनेटच्या शीटमध्ये नाहीतर दोन काचांच्या मधे भरलेले, त्यातून उजेड येतो मऊ, पसरलेला, दुधी काचेसारखा, पलीकडचं झाड मात्र दिसत नाही. म्हणून रूफलाइट, जिना, वर्कशॉप, जिमचा हॉल अशा जागी हे भारी, डोळ्यांवर चमक येत नाही.

उष्णता का अडते ते समजून घे. एरोजेलमध्ये ९० टक्क्यांहून जास्त हवाच असते, पण छिद्रं साधारण २०-४० नॅनोमीटरची, हवेचा रेणू दुसऱ्या रेणूला धडकायला सरासरी ७० नॅनोमीटर जातो, इथे तो आधीच छिद्राच्या भिंतीवर आपटतो, त्यामुळे स्थिर हवेपेक्षाही कमी उष्णता जाते.

आता खरी डोकेदुखी म्हणजे पाणी. हायड्रोफोबिक (पाणी झटकणारी) ट्रीटमेंट नसलेल्या तुकड्यावर मी एकदा उत्सुकतेपोटी थेंब टाकला, डोळ्यादेखत तिथे खड्डा पडून चुरा झाला. त्यामुळे हायड्रोफोबिकच घे आणि कडा नीट सील करून घे. दाणे हळूहळू खाली बसतात, मग वर रिकामी पट्टी दिसते, तेव्हा भरताना पॅनल हलवून ठोकून गच्च भरलंय का ते समोर उभं राहून बघ. आणि हो, मास्क लाव, बारीक धूळ घशात जाते आणि हात अगदी कोरडेठाक पडतात.