चाळीस वर्षं एकाच शहरात प्रॅक्टिस केलेल्या फॅमिली डॉक्टरच्या मागे नेमकं काय उरतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: छोट्या शहरात चाळीस वर्षं प्रॅक्टिस करून तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. नावावर शोध नाही, पुरस्कार नाही, हॉस्पिटल उभारलं नाही. सगळे त्यांना देवमाणूस म्हणतात. पण त्यांना ओळखणारी माणसंही एक दिवस जातील, मग त्यांच्या कामातलं काय मागे राहणार?

मी स्वतः जनरल प्रॅक्टिस करतो, त्यामुळे प्रश्न वाचून पुढे जाता आलं नाही. माझं मत सांगतो. अशा डॉक्टरला एक गोष्ट मिळते जी मोठ्यात मोठ्या हॉस्पिटललाही मिळत नाही: एकाच माणसाला वीस-वीस, तीस-तीस वर्षं बघत राहण्याची संधी. त्यातून जे कळतं ते दुसऱ्या कुठल्याही वाटेनं कळत नाही. मागे काय उरतं, ते डॉक्टरनं या संधीचं काय केलं त्यावर ठरतं. हे एका माणसाच्या आयुष्यावरून सांगतो. आमच्या अभ्यासक्रमात त्यांचं नाव जेमतेम एखाद्या ओळीत येतं, याचं मला फार वाईट वाटतं.

जेम्स मॅकेन्झी १८५३ साली स्कॉटलंडमधल्या स्कोन इथे एका शेतकरी कुटुंबात जन्मले. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि औषधांच्या दुकानात उमेदवारी सुरू झाली. पुढे एडिंबराला डॉक्टरी शिकून १८७८ मध्ये पदवी घेतली आणि १८७९ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये, बर्नली या शहरात प्रॅक्टिसमध्ये शिरले. बर्नली म्हणजे कापड गिरण्यांचं गाव. धुराडी, मागांचा खडखडाट, कामगारांच्या चाळी. तिथे ते १९०७ पर्यंत राहिले, म्हणजे सलग २८ वर्षं. बाळंतपणं, लहान मुलांचे ताप, खोकले, गिरणीतल्या जखमा, रात्री-अपरात्री घरी जाऊन पेशंट बघणं. तुमच्या डॉक्टरांचा दिवस जसा जात असेल तसाच त्यांचाही जायचा.

सुरुवातीच्या काळातच एक घटना घडली. हृदयविकार असलेली एक तरुण बाई बाळंतपणात त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. आपल्याला हे आधी कळायला हवं होतं, ही टोचणी त्यांना लागली. त्यांनी पुस्तकं काढली. छातीत कुठला आवाज आला म्हणजे काळजीचं आणि कुठला आला तरी चालतं, कुठल्या बाईला बाळंतपण झेपेल आणि कुठल्या बाईला नाही, याचं धड उत्तर कुठेच नव्हतं. कारण उघड होतं. पुस्तकं लिहिणारे डॉक्टर पेशंटला वॉर्डात काही आठवडे बघत, तेही आजार बळावल्यावर. आजार सुरू कसा झाला आणि डिस्चार्जनंतर दहा वर्षांनी त्या माणसाचं काय झालं, हे त्यांनी पाहिलेलंच नव्हतं.

मॅकेन्झींच्या लक्षात आलं की हे बघण्याची सोय आपल्याकडे आहे. पेशंट याच गल्ल्यांमध्ये राहणार आहेत, आणि आपणही इथेच आहोत.

मग त्यांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्या काळी मनगटावर बांधायचं एक छोटं यंत्र मिळायचं. धमनीच्या ठोक्यासरशी त्यातली बारीक काडी हलायची आणि काजळी धरलेल्या कागदाच्या पट्टीवर नाडीची रेघ ओढायची. मॅकेन्झींनी त्याला जोड दिली. एक टोक मनगटाच्या धमनीवर, दुसरं मानेतल्या शिरेवर, आणि दोन रेघा एकाच वेळी एकाच पट्टीवर. मानेतली शीर हृदयाच्या वरच्या कप्प्याशी जोडलेली असते, मनगटातली धमनी खालच्या कप्प्याचा जोर सांगते. त्यामुळे दोन रेघा एकमेकींखाली ठेवल्या की वरचा कप्पा कधी आकसला आणि खालचा कधी, हे दिसायचं. छाती न उघडता, ईसीजीचं मशीन यायच्या आधी. शिरेतल्या लाटांना त्यांनी ए, सी आणि व्ही अशी नावं दिली. आजही जगभरचे विद्यार्थी हीच नावं पाठ करतात. पुढे काजळीच्या कागदाऐवजी शाईनं लिहिणारं यंत्र त्यांनी करवून घेतलं, तेही शॉ नावाच्या तिथल्याच एका घड्याळजीकडून. दवाखाना सांभाळून, घरोघर फिरत, ते या पट्ट्या गोळा करत राहिले.

आता खरा मुद्दा. त्यांच्या पेशंटमध्ये एक बाई होती, हृदयाची मायट्रल झडप आकसलेली. तिला ते वर्षानुवर्षं तपासत होते. तिच्या छातीतला ठरावीक आवाज ओळखीचा, मानेतल्या लाटाही ओळखीच्या. १८९० च्या दशकात एकदा तिची नाडी एकाएकी पार विस्कळीत झाली. त्यांनी पट्टी घेतली, तर वरच्या कप्प्याची लाट गायब. स्टेथोस्कोप लावला, तर वरचा कप्पा आकसताना येणारा आवाजही गायब. कालपर्यंत काम करणारा वरचा कप्पा आकसायचा थांबला आहे, हे त्यांना कळलं ते केवळ आधीच्या पट्ट्या हाताशी होत्या म्हणून. हीच बाई पहिल्यांदा त्या दिवशी एखाद्या नामांकित हॉस्पिटलात गेली असती, तर तिथल्या डॉक्टरला फक्त एक विस्कळीत नाडी दिसली असती. काय नाहीसं झालंय हे कळायला ते आधी पाहिलेलं असावं लागतं. आज आपण ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतो, तो हा प्रकार. त्यामागे वरच्या कप्प्याची नुसती थरथर असते, हे १९०९ मध्ये थॉमस लुईस या लंडनमधल्या तरुण डॉक्टरनं ईसीजीवरून दाखवलं. या वाटेला लुईसना लावणारे मॅकेन्झीच होते. डिजिटालिस हे जुनं औषध नेमकं अशाच वेगानं धावणाऱ्या, विस्कळीत हृदयाला सर्वांत जास्त उपयोगी पडतं, हेही मॅकेन्झींनी पेशंट बघत बघतच ठरवलं.

दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते, पण तिचं कौतुक कमी होतं. मध्येच एखादा ठोका चुकणं, म्हणजे एक ठोका लवकर पडून पुढे जरा लांब विराम येणं, हे तेव्हा गंभीर दुखण्याचं लक्षण समजलं जाई. अशा माणसांना अंथरुणावर झोपवून ठेवत, काम सोडायला लावत, धास्तीत जगायला लावत. मॅकेन्झींकडे अशी माणसं होती आणि त्यांना पुढे काय झालं याचा हिशेबही होता. वर्षं गेली, ठोके चुकत राहिले, आणि माणसं गिरणीत कामावर जात राहिली. हृदय एरवी धड असेल तर हे चुकलेले ठोके बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, हे सांगायला वाट बघत बसणारा डॉक्टरच लागतो.

माझ्या टेबलासमोर अशी माणसं नेहमी येतात. हातात ईसीजीचा कागद, त्यावर इकडे-तिकडे एखादा वेगळा ठोका, चेहरा उतरलेला. परवाच एक तरुण मुलगी आली होती. मध्येच धस्स होतं म्हणून रात्रभर झोपली नव्हती. मी तिला नीट तपासलं, हृदयात दुसरं काही नाही याची खात्री केली आणि सांगितलं, "काही होणार नाही, निर्धास्त राहा." तिनं असा काही श्वास सोडला की विचारू नका. हे वाक्य मी छातीठोकपणे बोलू शकलो, त्यामागे पुढच्या अनेकांचं संशोधन आहेच, पण पहिली हमी बर्नलीतल्या त्या पट्ट्यांची आहे.

पुढचं झटपट सांगतो. १९०२ मध्ये त्यांचं नाडीवरचं पुस्तक आलं. १९०७ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, ते लंडनला गेले. १९०८ मध्ये हृदयविकारांवरचा ग्रंथ आला, १९१५ मध्ये 'सर' झाले आणि रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेचे फेलोही. इतकं मिळाल्यावर माणूस लंडनमध्ये स्थिरावला असता. ते मात्र १९१८ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या छोट्या गावी गेले आणि पुढच्याच वर्षी तिथे एक संशोधन संस्था काढली. गावातले साधे प्रॅक्टिशनर आपापल्या पेशंटची पहिली-पहिली, किरकोळ वाटणारी लक्षणं टिपून ठेवतील आणि वर्षानुवर्षं त्यांचा माग काढतील, अशी ती योजना होती. हॉस्पिटलला आजाराचा शेवट दिसतो, सुरुवात फक्त फॅमिली डॉक्टरला दिसते, हे त्यांचं ठाम म्हणणं. संस्थेच्या हातून त्यांच्या मनात होतं तेवढं काम झालं नाही. अशा कामाला वर्षं लागतात आणि त्यांच्याकडे ती उरली नव्हती. त्यांना स्वतःलाच अंजायना होता, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचा आजार. आपलं दुखणंही त्यांनी आपल्या पुस्तकात एक केस म्हणून नोंदवलं, आणि मृत्यूनंतर आपलं हृदय तपासावं असं सांगून ठेवलं. २६ जानेवारी १९२५ ला ते गेले, आणि तसं तपासलंही गेलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यानंतरच्या गोष्टीत जास्त दिसतं. १९२६ मध्ये यॉर्कशायरमधल्या वेन्सलीडेल खोऱ्यातल्या एका डॉक्टरनं मॅकेन्झींचं पुस्तक वाचलं. विल्यम पिकल्स त्यांचं नाव. एझगार्थ या खेड्यात ते १९१३ पासून प्रॅक्टिस करत होते, ती पुढे पन्नासएक वर्षं चालली. पुस्तक वाचून तेही नोंदी ठेवू लागले. १९२९ मध्ये खोऱ्यात काविळीची साथ आली. सकाळी एका मुलीला त्यांनी अंथरुणाला खिळलेली पाहिलं होतं. दुपारी बघतात तर ती गावच्या जत्रेत हजर! त्या एका दुपारी तिच्या संपर्कात कोण-कोण आलं हे त्यांना नावानिशी माहीत होतं, कारण सगळेच त्यांचे पेशंट. पुढे त्यांच्यातलं कोण कोणत्या दिवशी पिवळं पडलं हे मोजून त्यांनी काढलं की संसर्ग झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत २६ ते ३५ दिवस जातात. शहरातल्या गर्दीत हे मोजणं कुणाला जमलं असतं? त्यांचं पुस्तक १९३९ मध्ये आलं, आणि ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिशनरांचं कॉलेज स्थापन झालं तेव्हा पहिले अध्यक्ष तेच झाले. त्या कॉलेजचं एक मानाचं व्याख्यान मॅकेन्झींच्या नावानं चालतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या डॉक्टरांनी यंत्रही केलं नाही आणि पुस्तकही लिहिलं नाही. बरोबर. पण नुसतं टिकून राहण्यालाही किंमत आहे, आणि ती मोजलीही गेली आहे. नॉर्वेमध्ये सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा फॅमिली डॉक्टर १५ वर्षांहून जास्त काळ तोच होता त्यांची तुलना वर्षभराचीच ओळख असलेल्यांशी केली. पहिल्या गटात अवेळी तातडीची सेवा लागण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी कमी होती, अचानक हॉस्पिटलात भरती होण्याची २८ टक्क्यांनी, आणि मृत्यूची २५ टक्क्यांनी. अशा पाहणीतून कार्यकारण पूर्ण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण वर्षं वाढत गेली तसा फरकही वाढत गेलेला दिसतो, आणि मला रोजच्या कामात जे जाणवतं त्याच्याशी ते जुळतं. एरवी कधी तक्रार न करणारा माणूस "जरा बरं वाटत नाही" म्हणाला, तर जुना डॉक्टर लगेच सावध होतो. नव्या डॉक्टरला ते वाक्य रोजचंच वाटतं.

म्हणजे तुमच्या डॉक्टरांच्या मागे, न आलेले झटके आहेत, न झालेली ऑपरेशनं आहेत, वेळेवर पाठवल्यामुळे वाचलेली माणसं आहेत. यातलं काहीच फोटोत दिसत नाही, आणि ज्यांचं दुखणं टळलं त्यांनाही त्याचा पत्ता नसतो.

पण एक गोष्ट खरोखरच हातची जाऊ शकते: त्यांच्या डोक्यात साठलेलं. म्हणून तुम्हाला मनापासून सांगतो, ते अजून बोलते असतील तर जाऊन भेटा. जुने केस पेपर रद्दीत जाऊ देऊ नका म्हणावं. ती पेशंटची खासगी माहिती आहे, तेव्हा तुम्ही ती चाळू नका. ते पेपर नव्या डॉक्टरकडे किंवा ज्याच्या-त्याच्या हाती नीट पोचू द्या. त्यांची हरकत नसेल तर नाव-गाव वगळून त्यांच्याकडून ध्वनिमुद्रण करून घ्या. सुरुवातीला कुठले आजार रोज दिसायचे आणि आता दिसत नाहीत? कुठल्या घरात कुठलं दुखणं पिढ्यान्‌पिढ्या उतरलं? कुठल्या पेशंटबद्दल पुस्तक एक सांगत होतं आणि घडलं वेगळंच? शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा आणि मग मध्ये बोलू नका. जमलं तर या भेटीला त्या भागात नव्यानं दवाखाना टाकणाऱ्या एखाद्या डॉक्टरला सोबत घेऊन जा.