ऑनलाइन फँटसी गेममधला पाऊस आणि उजेड नुसता देखावा असतो का?

तुम्ही ‘फायनल फँटसी १४’ नुकताच सुरू केलाय, लॅपटॉप जुना आहे, आणि विचारताय की पाऊस, धुकं, सावल्या यांची क्वालिटी पार खाली आणली तर काही बिघडेल का. सावल्या खुशाल कमी करा. पण आकाशाकडे लक्ष असू द्या, कारण या गेममध्ये हवामानावर बरंच काही अवलंबून असतं. मी इतकी वर्षं इथे टिकलो तो त्याच्याच ओढीने.

इओर्झिया, म्हणजे या गेममधल्या जगाचा, एक तास म्हणजे आपली २ मिनिटं ५५ सेकंद. अख्खा दिवस ७० मिनिटांत संपतो. हवामान बदलतं ते तिथल्या घड्याळात मध्यरात्री, सकाळी ८ आणि दुपारी ४ वाजता, म्हणजे आपल्या दर २३ मिनिटं २० सेकंदांनी. आणि ते ऐनवेळी कुणी ठरवत नाही. खऱ्या जगाच्या वेळेवरून एक हिशोब होतो, त्यातून ० ते ९९ मधला एक आकडा निघतो, आणि प्रत्येक प्रदेशाच्या तक्त्यात त्या आकड्यासमोर हवामान ठरलेलं असतं. लिम्सा लोमिन्सा या बंदरात आकडा २० च्या आत आला तर ढगाळ, ९० किंवा त्यावर गेला तर पाऊस. वाळवंटातल्या उल्दाहमध्ये पावसाला निदान ९५ लागतात. कोअर्थासच्या डोंगरात २० च्या आत म्हणजे थेट हिमवादळ. वेळ सगळ्यांची एकच, त्यामुळे जगभरच्या सगळ्या सर्व्हरवर त्या बंदरात एकाच क्षणी पाऊस लागतो. खेळाडूंनी पुढच्या कित्येक दिवसांचं पंचांगच मांडून ठेवलंय.

ते लागतं कशाला? मासेमारी करून बघा. काही मोठे मासे ठरावीक तासांत आणि ठरावीक हवेतच गळाला लागतात. काहींना तर आधीची हवाही जुळावी लागते: आधी ढगाळ आणि मग पाऊस, असं काहीतरी. माझ्या लेखी याचा सगळ्यात सुंदर वापर २०१८ मध्ये आलेल्या युरेका अनेमोस या गेममधल्याच एका प्रदेशात झाला. तिथला पाझुझू हा राक्षस झंझावात सुटल्याशिवाय येत नाही, आणि त्याला बोलवायला जी भुतं मारावी लागतात ती रात्रीच बाहेर पडतात. तिथलं शेवटचं शस्त्र पूर्ण करायला त्याची पिसं हवीत. त्यामुळे ओळख ना पाळख अशी माणसं एका कड्याजवळ जमून वाऱ्याची वाट बघत बसायची. चॅटमध्ये कुणीतरी ‘अजून चार मिनिटं’ लिहायचं. मग आकाशाचा रंग उतरायचा, वारा घोंगावायला लागायचा आणि सगळे एकदम उठायचे. हवेतला बदल बघून इतकी माणसं एकदम हललेली मी दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये पाहिली नाहीत.

उजेडाचंही तेच. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या दुसऱ्या ऑनलाइन गेममध्ये दिवस-रात्र सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे चालते. मी युरोपच्या सर्व्हरवर आपल्या रात्री दहाला बसायचो, तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेपाच. म्हणजे रोज तीच संध्याकाळ, भर दुपारचं रान मी क्वचितच पाहिलं. ‘फायनल फँटसी’च्या ७० मिनिटांच्या दिवसाने हा प्रश्नच मिटतो. त्याही आधी, १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’ या ऑनलाइन गेममध्ये आपलं पात्र म्हणून मानव निवडला की रात्री जवळपास आंधळेपण यायचं. एल्फला अंधारात दिसायचं, मानवाला हातात दिवा घ्यावा लागायचा. किथिकोरचं जंगल दिवसा ओलांडता यायचं, अंधार पडला की तिथे प्रेतं उठायची. चित्रं तेव्हा अगदी ओबडधोबड होती, तरी त्या अंधाराची भीती खरी होती.

आता तुमचा लॅपटॉप. सगळ्यात जड असतात त्या सावल्या. सूर्य सरकत राहतो, त्यामुळे त्या आधी काढून ठेवता येत नाहीत, सतत नव्याने काढाव्या लागतात. त्यांची क्वालिटी आधी उतरवा. पावसाचं ओझं त्या मानाने हलकं असतं: अशा गेममध्ये पाऊस सहसा अख्ख्या प्रदेशावर पडत नाही, थेंब फक्त तुमच्या कॅमेऱ्याभोवती असतात. ओल्या पृष्ठभागांचा जो पर्याय आहे, तो मात्र झेपेल तोवर चालू ठेवा. दगड भिजला की त्यावरचे बारीक खळगे पाण्याने भरतात, म्हणून तो गडद दिसतो आणि उजेड इकडेतिकडे न विखुरता एका दिशेने परततो. गेमही तेच करतो, रंग थोडा काळवंडतो आणि खरखरीतपणा कमी करतो. लिम्साच्या चौकात रात्री पावसात उभे राहा. पांढुरकी फरशी बघता बघता राखाडी होते, तिच्यावर दिव्यांचे लांब पट्टे उमटतात, आणि शेजारून धावत गेलेल्या माणसाचे कपडेही ओले चमकतात.

एवढं करूनही फ्रेम अडकत असतील तर आधी रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. ओलेपणा सगळ्यात शेवटी बंद करा.