कागदपत्रं : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी ऐरोलीत राहते, इतिहासात एमए करते आहे. जुन्या दस्तऐवजांच्या कामात जायचंय. दिल्लीचा डिप्लोमा करावा की आधी मोडी? बाराखडी येते, पण पत्र समोर आलं की अडते.

उत्तर : आधी मोडी. राष्ट्रीय अभिलेखागाराचा दिल्लीतला डिप्लोमा एक वर्षाचा आहे. तिथे अभिलेखांचं जतन आणि व्यवस्थापन शिकवतात. मराठी दफ्तर वाचणं मात्र इथेच शिकावं लागेल.

बाराखडी येऊनही अडतं, कारण मोडीत शब्द सुटे नसतात. आधी ओळभर रेघ, मग तिला लटकणारी अक्षरं. ‘त्यासमानद्यावा’ म्हणजे ‘त्यास मान द्यावा’ की ‘त्यासमान द्यावा’? पाटीलकीच्या तंट्यात दोन्ही बसतात आणि अर्थ पार बदलतो. म्हणून पहिलं लिप्यंतर न तोडता करा, शब्द दुसऱ्या वाचनात तोडा. ऱ्हस्व-दीर्घ ‘सुधारू’ नका.

खरी फजिती तारखेत होते. समजा, पत्रावर ‘छ ५ जिल्काद, सलास सबैन मया व अलफ’ असं आहे. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. पुढचे अरबी शब्द म्हणजे शुहूर सन, जुन्या मराठी कागदांतलं वर्ष. तो एककापासून वाचायचा : तीन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७३. त्यात ५९९ मिळवले की १७७२ येतं आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण हा सन मृग लागला की बदलतो. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. त्या साली जिल्काद जानेवारीअखेर सुरू झाला, म्हणजे पत्र जानेवारी १७७३चं. चुकून १७७२ धरलंत, तर नारायणरावाच्या काळातलं पत्र थोरल्या माधवरावांच्या नावावर जाईल.

सरावाला काळा घोड्याचं मुंबई पुराभिलेखागार बरं : ठाण्याला गाडी बदलून सीएसएमटी, पुढे पायी. ओळखपत्र, मार्गदर्शकांचं पत्र आणि पेन्सिल न्या. शाईचं पेन घरीच ठेवा.

प्रश्न : मोडी शिकून काम मिळतं का? (वाचक, वाशी)

उत्तर : मिळतं. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे वाचणाऱ्यांना मागणी आली. पण ते कामापुरतं काम. त्यावर नोकरीचा हिशेब मांडू नका.

प्रश्न : नौपाड्यातल्या आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत इनामाचे मोडी कागद आहेत. कडा तुटताहेत. लॅमिनेशन करून घ्यावं का?

उत्तर : अजिबात नको. गरम प्लॅस्टिक एकदा चिकटलं की कागदाला इजा न करता निघत नाही, आणि कागदातली ओल, आम्ल आतच कोंडतं. चिकटपट्टीही नको, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो.

पेटी श्रावणात उघडू नका, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत उघडा. मऊ, रुंद ब्रशने मधून कडेकडे धूळ काढा. ओलं फडकं लावायचं नाही : काजळीची शाई उन्हाने सहसा उडत नाही, पण पाण्याने तिच्यातला डिंक सुटतो आणि अक्षर फरफटतं. घडी हटून बसली असेल तर जोर लावू नका, ते काम जाणकाराकडे द्या.

कागद तारखेप्रमाणे लावायचा मोह होईल, तोही आवरा. पुडक्यात कशाच्या मागे काय होतं, हाही पुरावाच असतो. मूळ क्रमानेच पाठीमागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने हलके आकडे घाला आणि मग फोटो काढा. बांधायला मांजरपाट घ्या, पण दोनदा धुऊन खळ काढलेलं. खळीवर कसर येते. वर रुंद नाडी बांधा. सुतळीने कडा कापल्या जातात. तुमच्या कडा कुठे तुटल्यात ते एकदा नीट बघा, बहुधा सुतळीच्या खुणेवरच सापडतील.